गुरांच्या डॉक्टरांची सही

माझ्याकडे जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. नोकरीचा अर्ज तपासून घ्यायला जे येतात त्यांच्यासाठी ती ठेवली आहे. नात्यातले, गल्लीतले, ऑफिसातल्या शिपायाच्या ओळखीचे असे वर्षभर कोणी ना कोणी येतात. आधी मी वही पुढे करते. वाचा, आपला अर्ज ताडून पाहा, मग माझ्याकडे द्या.

पहिला मुद्दा, जाहिरात दोनदा वाचा. मागितलं आहे तेवढंच आणि त्याच क्रमानं लिहा. दुसरा, खाडाखोड नको. चुकलं तर पान नवं घ्या. तिसरा, रकाना रिकामा सोडू नका, 'लागू नाही' असं लिहा. पाचवा, फोटोच्या मागे नाव. सहावा, टपालाची पावती अर्जाच्या स्थळप्रतीला टाचून ठेवा. असे एकूण अकरा आहेत. सगळे निळ्या शाईत. चौथा तेवढा लाल: 'नक्कल करताना मूळ कागदातला एक शब्दही बदलू नका. मूळ कागद चुकीचा वाटला तरी बदलू नका.'

गेल्या महिन्यात समोरच्या घरची नवी सून बायोडाटा घेऊन आली होती. वही वाचून हसली.

"काकू, बाकी सगळं निळं, आन् हेच काहून लाल? आता त झेरॉक्स निघते. कोन बदलवते नक्कल?"

"तेव्हा लाल पेन हाताशी होता," मी म्हटलं.

ते खोटं होतं. खरं आहे ते असं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासर विणकरांच्या वस्तीत. पुढच्या खोलीत हातमाग, त्याच्या खड्ड्यात पाय सोडून सासरे दिवसभर बसत. सासूबाई शेजारी सुताच्या कांड्या भरत. नवरा मिलमध्ये बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं. कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, सगळे आले तर घरी परत. तो किती वाजता परततो यावरून त्या दिवशीचं घर कसं असेल ते मला कळायचं.

मी मॅट्रिक होते आणि टायपिंग शिकले होते. त्या घरात कायमची नोकरी मिळाली तर ती मलाच मिळण्यासारखी होती. हे सासूबाईंनीच पहिल्यांदा बोलून दाखवलं, आणि टायपिंगच्या वर्गातून माझी सुटका कधीच होऊ दिली नाही. ताप असला तरी हाकलत.

शहराच्या सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट-क्लार्कच्या जागा निघाल्या. अर्ज, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटाची ट्रू कॉपी, पुढे मुलाखतीच्या दिवशी तिथेच टायपिंगची परीक्षा. त्या काळी झेरॉक्स नव्हती. ट्रू कॉपी म्हणजे मूळ सर्टिफिकेट शेजारी ठेवून शब्दन् शब्द टाईप करायचा, वर 'ट्रू कॉपी' लिहायचं आणि गॅझेटेड अधिकाऱ्याकडून अटेस्ट करून घ्यायचं. त्याची सही आणि शिक्का म्हणजे, मी मूळ कागद पाहिला आहे आणि ही नक्कल खरी आहे, असा शब्द.

आता माझी अडचण सांगते. सर्टिफिकेटावर माझं माहेरचं नाव होतं. लग्नात सासरी माझं नाव बदललं. नुसतं आडनाव नाही, सगळंच. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले गेले. त्या दिवसापासून वडिलांनी ठेवलेल्या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती. माहेरीसुद्धा जावयासमोर नवंच नाव घेत.

अर्जाचा कच्चा मसुदा मी माहेरच्या नावानं केला होता. सासूबाईंना वाचता येत नसे, पण कोणताही कागद घरात आला की वाचून घेतल्याशिवाय त्या सोडत नसत.

"वाच वं मोठ्यानं."

मी वाचला.

"हे कोन बाई हाय? माह्या घरात त या नावाची कोनी राह्यत नाई."

"आई, सर्टिफिकेटावर तेच आहे."

"अस्सं! म्हंजे जेवाले माही सून, आन् हापिसात जाईन ते दुसऱ्याची पोरगी. पेढे काहून वाटले मंग म्या? परत घेऊन ये जाय सगळ्याइच्या घरून."

त्या हसत होत्या, पण कांडीचा वेग वाढला होता. सासरे मागावरून म्हणाले, "लिव बाई, तिच्या मनासारखं लिव. नाईतर मले सूत नाई भेटत आज."

मी अर्ज नव्या नावानं केला. तेव्हा वही नव्हती, पण यादी करायची सवय होती. टायपिंगच्या वर्गात सर सांगत त्यावरून मी अर्जातल्या चुकांची यादी टायपिंगच्या पुस्तकाच्या पाठीमागच्या पानावर केली होती. तिच्यात चौथ्या क्रमांकावर होतं: 'सर्व कागदांवर नाव एकच असावे.' वर्गात दुपारी दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात मशीन रिकामं असे. मी सर्टिफिकेट डाव्या हाताला ठेवलं, ट्रू कॉपी टाईप करायला घेतली आणि नावाच्या ओळीशी थांबले. अर्जावर एक नाव, सर्टिफिकेटावर दुसरं. चौथा मुद्दा मोडत होता.

मी नवं नाव टाईप केलं.

घाई नव्हती, नजरचूक नव्हती. आता माझी ओळख अमुक, तर कागदावर तेच पाहिजे, जुनं राहिलं होतं ते मी नीट केलं, असं मला वाटलं. कागद मशीनमधून काढला तेव्हा अर्ज आणि नक्कल एकमेकांवर ठेवून पाहिले. दोन्ही जुळत होते. मला बरंसुद्धा वाटलं.

आमच्या वस्तीच्या टोकाला गुरांचा सरकारी दवाखाना होता. तिथले डॉक्टर गॅझेटेड. वस्तीत दुसरं कोणी गॅझेटेड नव्हतं, त्यामुळे ओट्यावर एका बाजूला बकऱ्या आणि दुसऱ्या बाजूला मॅट्रिक झालेली पोरं, अशा दोन रांगा लागत. डॉक्टर दोन्ही रांगांवर सारखेच ओरडत. त्या पोरांचे अर्ज बहुतेक मीच लिहून देत असे, त्यामुळे ते मला ओळखत. मी गेले तेव्हा ते एका म्हशीच्या खुराला औषध लावत होते. हात कोपरापर्यंत जांभळे.

"ओरिजिनल आणलं आहेस?"

"हो डॉक्टरसाहेब, पिशवीत आहे."

"राहू दे. माझे हात बघ. तुझे कागद कधी चुकत नाहीत. शिक्का खिडकीत आहे, तूच मार."

शिक्का मी मारला. 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले.' त्यांनी दोन बोटांत पेन धरून, कागदाला हात न लावता खाली सही केली. एक जांभळा ठिपका पडलाच, कोपऱ्यात. मी तो पुसायला गेले नाही. पुसला असता तर पसरला असता.

मुलाखतीचं पत्र मे महिन्यात आलं. सासूबाईंनी ते पोस्टमनच्या हातातून घेतलं, कपाळाला लावलं आणि माझ्यासमोर धरलं. मी मोठ्यानं वाचत गेले. दिवस, वेळ, पत्ता. 'मूळ प्रमाणपत्रे सोबत आणावीत व प्रतींशी ताडून घ्यावीत.' तिथून पुढे माझा आवाज बदलला असणार, कारण सासऱ्यांनी माग थांबवला. शेवटची ओळ बारीक अक्षरात होती: 'खोटी अथवा फेरफार केलेली कागदपत्रे आढळल्यास उमेदवार फौजदारी कारवाईस पात्र राहील.'

फेरफार. माझ्या कामाला हा शब्द आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"काहून वं, थांबली काहून?" सासूबाईंनी विचारलं.

"संपलं, आई."

मुलाखतीला चार दिवस होते. बाहेर ऊन असं की दुपारी गल्लीत कुत्रं दिसू नये, आणि माझे हातपाय गार. भात खाली लागला. सुताची लडी गुंतवली. पोस्टमन दुसऱ्या दिवशी शेजारी आला, तर त्याचा खाकी सदरा पाहून मी मोरीत जाऊन उभी राहिले आणि तो जाईपर्यंत बाहेर आले नाही. मनात यादी करायचा प्रयत्न केला: काय होऊ शकतं. एक, नोकरी मिळणार नाही. दोन, पोलीस. तीन, वस्तीत कळेल. चौथ्याशी आले आणि बसलेच. चार, सही माझी नाही. सही डॉक्टरांची आहे.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो चहा पीत होता.

"कोन पाह्यते वं एवढं! सायबाइले काय दुसरे धंदे नाईत?"

"पत्रात लिहिलंय, फौजदारी."

"लिवतेतच तसं." मग त्याला काही आठवलं आणि तो हसायला लागला. "आमच्या खात्यात एक होता. भावाच्या सर्टिफिकेटावर लागला होता. दोन शिपाई आले, उभ्या मशीनीवरून घेऊन गेले त्याले. डबाबी खाऊ नाई देल्ला."

"मग?"

"मंग काय? म्या खाल्ला डबा. वांग्याची भाजी होती."

त्यानं मला हसवायला सांगितलं होतं. पण त्यानंतर मला वांगी चिरवली नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. डॉक्टर एकटेच होते, स्टोव्हवर सुया उकळायला ठेवत होते. मी मूळ सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं आणि जे केलं ते सगळं क्रमानं सांगितलं. ते आधी सर्टिफिकेटाकडे पाहत होते, मग माझ्याकडे. नंतर त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. बसताना त्यांचा हात टेबल शोधत होता हे मी पाहिलं.

"कोणी सांगितलं तुला असं करायला?"

"कोणी नाही. सगळे कागद जुळावेत म्हणून."

"जुळावेत म्हणून!" ते ओरडले नाहीत. बकऱ्यांवर ओरडणारा माणूस इतक्या हळू बोलतो हे मला नवीन होतं. "बेटा, मी मूळ प्रत पाहिली असं लिहून दिलं आहे. आणि मी ती पाहिलेली नाही. उद्या मला विचारलं तर मी काय सांगू? म्हैस होती म्हणून?"

मला रडू आलं. ते म्हणाले, रडू नको, विचार कर. मग त्यांनीच विचार केला. "तू जाऊच नकोस. जो उमेदवार येत नाही त्याचे कागद कोणी उघडत नाही. गठ्ठा बांधतात आणि माळ्यावर टाकतात."

"आणि कधी उघडलाच तर?"

ते उकळत्या पाण्याकडे पाहत राहिले. पाणी आटून सुया भांड्याला लागायला आल्या तरी त्यांनी स्टोव्ह बंद केला नाही. मीच केला.

घरी येताना मी हिशेब मांडला. गेले नाही तर आज वाचेन, पण त्या माळ्यावर तो कागद राहील. जांभळा ठिपका, त्यांची सही. त्यांची नोकरी अजून दहा-बारा वर्षं होती. तेवढी वर्षं दारात खाकी दिसलं की मी मोरीत लपणार, आणि ते काय करणार कोण जाणे. मला नोकरीपेक्षा तो कागद परत पाहिजे होता. तिथे गेल्याशिवाय तो मिळणार नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. शेजारणींना सांगून झालं होतं. सदरला उतरले तेव्हा साडेदहा झाले होते. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर पंधरा-वीस उमेदवार, आणि दाराशी टेबल टाकून बडे बाबू बसलेले. म्हणजे हेडक्लार्क. एकेकाला बोलवून मूळ कागद नकलेशेजारी ठेवायचे, ओळीवरून बोट फिरवायचं, टिक करायची, आत सोडायचं. आतून टायपिंग परीक्षेचा आवाज येत होता. कोणीतरी फार हळू टाईप करत होतं. दोन अक्षरं, मग शांतता. त्या भीतीतही मला वाटलं, मी याच्या दुप्पट वेगानं करते.

काय बोलायचं ते मी चार वाक्यांत ठरवून आले होते. त्यात डॉक्टरांचं नाव काढायचं नाही, हे पक्कं होतं. माझा नंबर आला. बाबूंनी माझी नक्कल काढली, हात पुढे केला. मी मूळ सर्टिफिकेट दिलंच नाही, छातीशी धरून उभी राहिले. चारही वाक्यं गेली. तोंडातून निघालं ते हे:

"नाव मी बदललं. डॉक्टरांचा काही दोष नाही, त्यांनी मूळ प्रत पाहिलीच नाही."

बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय बोलले. नेमका तोच त्यांचा दोष होता आणि तो मी माझ्या तोंडानं सांगितला होता.

बाबूंनी पेन खाली ठेवला. मागे रांगेतला एक जण पुढे झुकला, त्याला त्यांनी हातानंच मागे सारलं. "द्या ते," ते म्हणाले. मी दिलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, नावाच्या ओळीवर बोट आलं आणि थांबलं.  

"हे डॉक्टर कोण तुमचे?"

"शेजारचे. गुरांचे आहेत. तेव्हा त्यांच्या हाताला औषध होतं."

"आणि हा डाग?"

"तेच औषध."

 आत टायपिंग थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"बाई, हे मी साहेबांपुढे ठेवलं तर तुम्ही अडकता, तुमचे डॉक्टर अडकतात, आणि सहा महिने जबाबाचे कागद लिहीत मी बसतो. मला तेवढा वेळ नाही." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "वैयक्तिक कारणानं अर्ज मागे घेत आहे, असं लिहा. छाननीच्या आधी अर्ज मागे घेतला तर सगळे कागद परत देता येतात. छाननी अजून व्हायची आहे." आणि त्यांनी यादीत माझ्या नावापुढे टिक करायची जागा कोरीच ठेवली.

मी लिहिलं. अक्षर माझं वाटत नव्हतं, पण खाडाखोड केली नाही. खाली सही नव्या नावानं करावी लागली, अर्ज त्या नावाचा होता म्हणून. कचेरीच्या कागदावर त्या नावानं केलेली ती माझी शेवटची सही. बाबूंनी अर्ज, नक्कल, फोटो सगळं माझ्या हातात दिलं. देताना अर्जावरून एकदा नजर फिरवली.

"यापेक्षा नीटनेटका अर्ज आज माझ्याकडे आलेला नाही," ते म्हणाले. "आणि त्या डॉक्टरांना म्हणावं, सही करताना हात धुवायला काय जातं?"

हा निरोप मी दिला नाही.

सदरपासून दवाखान्यापर्यंत मी चालत गेले. रिक्षात बसले तर कागद कोणी हिसकावील, असलं काहीतरी डोक्यात होतं. डॉक्टर दारातच उभे होते. मी नक्कल पुढे केली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली, सही पाहिली, ठिपका पाहिला आणि स्टोव्हच्या जाळावर धरली. कागद काळा झाला तरी बोटं भाजेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. राख भांड्याखाली सांडली. आम्ही दोघंही ती पाहत होतो, जणू ती पुन्हा कागद होईल.

घरी सासूबाईंना सांगणं उरलं होतं. मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की जागा गेली. त्या कांड्या भरत राहिल्या. चार कांड्या झाल्या, पाच झाल्या.

"माह्यापायी झालं म्हन ना," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही आई. टाईप मी केलं."

"मले काय समजते कागदातलं!" त्या चिडल्या, पण माझ्यावर नाही. मग मागाकडे तोंड करून म्हणाल्या, "ऐकून राह्यले का? उद्यापासून हापिसात इच्या बापानं ठेवलेलं नाव चालन. घरी मी ठेवलेलं. एका बाईले दोन नावं असले त काय वजन नाई वाढत."

"माह्यंबी ठेव एखांदं दुसरं," सासरे खड्ड्यातून म्हणाले. "या नावानं त कोनी चहा नाई देत."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टायपिंगच्या वर्गात गेले, पुढची जाहिरात निघेल तेव्हासाठी नक्कल तयार ठेवायला. सर्टिफिकेट डाव्या हाताला, कोरा कागद मशीनमध्ये. शब्दन् शब्द, स्वल्पविरामासकट. नावाच्या ओळीवर बोटं थांबली. भीती अजून होती. आता कोणत्या बाजूनं चुकेन सांगता येत नव्हतं. मी एकेक अक्षर पाहून बडवलं.

दवाखान्यात त्या दिवशी दोन्ही रांगा ओट्याखाली उतरल्या होत्या आणि लोक कुरकुरत होते, डॉक्टरांना आज काय झालं म्हणून. ते प्रत्येकाचा मूळ कागद मागून घेत होते. माझी पाळी आली तेव्हा ते बादलीपाशी गेले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, टॉवेलनं बोटांच्या फटी पुसल्या आणि खुर्चीत बसले. एका हातात सर्टिफिकेट, दुसऱ्या हातात नक्कल. मोठ्यानं वाचायला लागले. बोर्डाचं नाव, परीक्षा, बैठक क्रमांक. मग माझं नाव. पूर्ण. लग्नानंतर दोन वर्षांत ते दुसऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते, बकऱ्यांच्या आणि पोरांच्या रांगेसमोर. ते थांबले. कागदावरून मान वर केली.

"हीच ना तू?"

 मी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"हो," मी म्हटलं. "मीच."

तेव्हा कुठे त्यांनी पेनाचं टोपण काढलं.